किड्यांचा धंदा : बियाणे सांभाळाल तर माल टिकेल

कापडवाल्याचे आणि किड्याचे वैर जुने आहे. एका शालीला कसर लागली की शेजारची दहा थाने उघडून झटकावी लागतात. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि भादव्याचे ऊन यात आमच्यासारख्यांची उमर गेली. तेव्हा कोणी मुद्दाम किडे वाढवतो, त्यांना रवा-गूळ शिजवून घालतो आणि ते मरू लागले की त्याची झोप उडते, असे ऐकले म्हणजे आधी हसू येते. पण वाचक बंधूंनो, हा हसण्याचा विषय नाही. अमेरिकेत आणि युरोपात या मालाची बाकायदा तिजारत चालते. तेथे मोठमोठे कारखानदार किडे पैदा करतात, दुकानदार ते डब्याने विकतात आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला परत येते. या धंद्यात कित्येकजण वर आले, आणि काहीजण एका हंगामात बसलेही. ते का बसले, हे समजून घेण्यासारखे आहे. जिवंत माल हाताळणाऱ्या कोणालाही तो सबक उपयोगी पडेल.

हे किडे लागतात कोणाला? त्या मुलकांत घरात काचेच्या पेटीत बेडूक पाळण्याचा शौक आहे. त्यातही डार्ट फ्रॉग नावाचे बोटाच्या पेराएवढे, निळे, पिवळे, लाल बेडूक फार नावाजलेले. यांचे मूळ वतन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील पावसाळी जंगले : कोस्टारिका, पनामा, कोलंबिया, पेरू, ब्राझील. कोलंबियातील एम्बेरा लोक यातील एका पिवळ्या जातीचे विष फुंकणीच्या बाणांना लावीत, त्यावरून हे नाव पडले. गंमत अशी की पेटीत जन्मलेल्या बेडकात हे विष नसते. जंगलात तो ज्या मुंग्या आणि बारीक कोळीकिडे खातो, त्यांच्यातून ते त्याच्या अंगात येते. खुराक बदलला की विष गेले. खुराकाची करामत ती एवढी.

बेडूक मेलेले अन्न सहसा खात नाही. समोर काही हलले तरच त्याची जीभ बाहेर येते. आणि या बेडकाचे तोंड इतके लहान की तिळाएवढाच किडा त्यात मावतो. एक बेडूक रोज तीस-चाळीस माश्या सहज फस्त करतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे गिऱ्हाइकाने बेडूक एकदा घेतला की खुराकाचा व्यवहार वर्षानुवर्षे चालू. पण माल एक आठवडा जरी खंडला तरी बेडूक उपाशी. उधारीवर कापड थांबते, हे जनावर थांबत नाही. म्हणून या शौकातले जाणकार सांगतात की आधी किडे वाढवायला शिका, सहा-आठ आठवडे ते जमले तरच बेडूक आणा.

आता नुकसानीची कथा. मोठ्या बेडकांना, पालींना आणि सरड्यांना तिकडे रातकिडे घालतात. अमेरिकेत यासाठी घरगुती भुऱ्या रातकिड्याची एकच जात, अचेटा डोमेस्टिकस, अनेक दशके चालत आली. वाढायला सोपी, अंगाने नरम, गिऱ्हाइकाच्या ओळखीची. सगळ्या देशाचा धंदा या एका जातीवर उभा राहिला. या जातीला मारणारा एक विषाणू, डेन्सोव्हायरस, युरोपातील संशोधकांनी १९७७ सालीच नोंदवून ठेवला होता. २००० नंतर त्याने युरोपातले कारखाने झोडपले. तरीही अमेरिकेतील बहुतेक पेढ्या जुन्याच रीतीने चालू राहिल्या. २००९-१० मध्ये तो तेथे पोहोचला. पूर्ण वाढीला आलेला रातकिडा सुस्त व्हायचा, उताणा पडून पाय झाडायचा आणि मरायचा. बघता बघता सगळी खोली मेलेल्या किड्यांनी भरायची. करोडोंनी माल गेला. फ्लोरिडातील एका पेढीचे दिवाळे निघाले आणि मिशिगनमधील एका जुन्या पेढीचे भारी नुकसान झाले.

हा विषाणू मोठा चिवट. अंड्यांचे ट्रे, भिंतीवरची धूळ, कामगाराचे कपडे, या सगळ्यांतून तो फिरतो आणि खोली धुतली तरी सहज जात नाही. काही कारखानदारांनी सगळा माल नष्ट केला, खोल्या जंतुनाशकाने धुतल्या, नवे बियाणे आणले आणि पुन्हा तेच झाले. टिकले ते बहुतेक जात बदललेले. युरोपात काळा रातकिडा आणि पट्टेरी रातकिडा पुढे आला. पट्टेरी जात या रोगाने मरत नाही, पण विषाणू अंगात बाळगू शकते. म्हणजे माल धडधाकट दिसतो आणि शेजारच्या खोलीतला भुरा माल बसवतो. घाईघाईत काय काय विकले गेले पाहा : २०१२ साली अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी बाजार तपासला, तेव्हा दुकानांतून सर्रास विकल्या जाणाऱ्या एका रातकिड्याला शास्त्रात नावसुद्धा नव्हते. ते त्यांनी त्या वेळी दिले. थानावर कापडाचा नंबर नाही, गिरणीची छाप नाही आणि माल मात्र हातोहात खपतो आहे, असाच हा प्रकार. आमच्या बाजारात याला काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

असे संकट रेशमाच्या धंद्यावर फार पूर्वी येऊन गेले आहे आणि त्याचा इलाजही तेथेच सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांना पेब्रिन नावाचा रोग लागला. अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके पडत आणि किडे कोष न करताच मरत. १८६५ साली लुई पाश्चर यांना दक्षिण फ्रान्समध्ये आलेस येथे पाठवण्यात आले. रेशीमकिडा त्यांनी त्याआधी हाताळलेलाही नव्हता. पाच वर्षांच्या मेहनतीनंतर जी रीत त्यांनी पक्की केली ती अशी : प्रत्येक मादी पतंगाची अंडी वेगळी ठेवायची, अंडी घातल्यावर ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. रोगी किड्याला दवा देण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी बियाणे निवडले. आज आपल्याकडे बीड-जालन्याचा शेतकरी जे रोगमुक्त अंडीपुंज विकत घेतो, त्यामागे हीच रीत आहे.

बेडकांच्या खुराकात हीच गोष्ट लागू करायची असेल तर आधी माशीची ओळख हवी. आंबा-पेरूला डंख मारणारी फळमाशी ती ही नव्हे. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते ते बारीक चिलट, ड्रोसोफिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी पाहिली आणि तेव्हापासून हे चिलट जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसले. आपल्या मुंबईतही त्याचा मोठा अभ्यास झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून काम करणारे प्रोफेसर ओबेद सिद्दीकी, अलीगढचे विद्यार्थी, यांनी याच माशीवर मज्जातंतूंचे आणि वासाचे संशोधन करून जगात नाव कमावले.

याच प्रयोगशाळांतून निघालेल्या बिनपंखी किंवा निकामी पंखांच्या माश्या बेडूकवाले वापरतात. उडता येत नाही, म्हणून ती पेटीतच फिरते आणि बेडकाला सापडते. पण हा गुण दबून राहणारा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. बाहेरचे एक पंखवाले नर चिलट बरणीत शिरले की त्याच्यापासून होणारी सगळी पिलावळ उडणारी निघते. आणखी एक चूक नवखे लोक हमखास करतात : दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून बिनपंखी माश्या आणतात आणि एकत्र करतात. दोघींचा दोष वेगळ्या जागी असेल तर त्यांच्या पोरांना साबूत पंख येतात. दोन्ही बाजू लंगड्या आणि औलाद उडती! म्हणून दोन पेढ्यांचा माल कधी मिसळू नये. बरणीत एक जरी उडती माशी दिसली तरी ती बरणी बियाण्याच्या कामाची राहिली नाही. खुशाल बेडकांना घाला, पण पुढे चालवू नका.

माशीचा खुराक आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. तिकडे बटाट्याच्या तयार चुऱ्यात साखर, यीस्ट आणि सिरका घालतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रवा आणि गूळ चालतो. साधारण प्रमाण असे : एक लिटर पाणी, शंभर ग्रॅम रवा, शंभर ग्रॅम गूळ, दहा ग्रॅम अगर, ज्याला किराणावाला चायना ग्रास म्हणतो. खिरीसारखे शिजवून उतरवायचे, जरा निवले की सात-साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक ॲसिड ढवळून घालायचे. पावाला बुरशी येऊ नये म्हणून बेकरीत जे घालतात त्याच खानदानातले हे. पण हे ॲसिड हाताला भाजते, डोळ्यांत उडाले तर फार वाईट, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये. मग बरणीत दोन बोटे थर ओतून पूर्ण थंड होऊ द्यायचा. गरम असतानाच झाकले तर आत पाणी सुटते आणि माश्या त्यात चिकटून मरतात. वर चिमूटभर कोरडे यीस्ट आणि आत बसायला चुरगळलेला कागद. मग पन्नास-साठ माश्या सोडाव्यात. कंजुषी करून दहा-पंधरा सोडल्या तर अळ्या कमी होतात, आणि अळ्यांनी खुराक उकरला नाही की बुरशी वर चढते. पंचवीस अंशाला दहा-बारा दिवसांत नवी माशी निघते. जरा मोठ्या हायडी जातीला तीन-चार आठवडे लागतात.

झाकणाला कापड लागते, आणि येथे आमचा अनुभव कामी येतो. मलमल हवेला चांगली, पण तिच्या भोकांतून बारीक कीड आरपार जाते. मांजरपाट जाड, तरी विण ढिली असते. दाट विणीचे सुती पॉपलिन घ्यावे. नवे कापड आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाकावी, नाही तर खळीवर बुरशी धरते आणि हवाही कोंडते. काठाशी फट राहिली तर कापड कितीही चांगले असून उपयोग नाही. आणि डांबराच्या गोळ्यांत राहिलेला तुकडा चुकूनही लावू नये. त्याच खोलीत डासांची कॉइल किंवा तसले मशीनही लावू नये. जे डासाला मारते ते चिलटाला सोडत नाही.

खरा दुश्मन बुरशी नव्हे, कोळीकिडा आहे. इंग्रजीत त्याला माइट म्हणतात. धान्यात, पिठात, धुळीत तो असतोच. बरणीच्या काचेवर आतून कोणी कणीक भुरभुरावी तसे दिसू लागते, आणि नीट पाहिले तर ती कणीक चालत असते. तो माशीचा खुराक खातो, काही जाती अंडीही खातात, आणि माशीच्या अंगावर बसून नव्या बरणीत प्रवास करतो. त्याला वाढायला वेळ लागतो, एवढीच आपली जमेची बाजू. तीन आठवड्यांच्या बरणीत जो नजरेस पडत नाही तो सहा आठवड्यांच्या बरणीत लाखांनी असतो. म्हणजे जुनी बरणी हेच कोळ्याचे घर. आणि आपली सवय काय? अजून पाच-पन्नास माश्या निघतील, टाकायची कशाला! या लोभापायी अनेकांचा सगळा कारखाना बसला आहे. चार-पाच आठवडे झाले की बरणी निघाली पाहिजे, त्यात माल दिसत असला तरी. टाकण्यापूर्वी ती बंदच ठेवून एक-दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात घालावी. उघडी बरणी कचऱ्यात फेकाल तर कोळी परत चालत येतील.

म्हणून जाणकार लोक दोन हिशेब वेगळे ठेवतात. एक विक्रीचा माल, दुसरे बियाणे. प्रत्येक बरणीवर तारीख, जात आणि ती कोणत्या बरणीपासून केली ते लिहायचे, जसे आपण थानावर चिठ्ठी लावतो. नवी बरणी नेहमी ताज्या बरणीतून करायची, पहिली-दुसरी पैदास निघते तेव्हा. बहुतेकजण उलटे करतात : चांगला, भरलेला माल विकतात आणि उरलेल्या थकल्या बरणीतून पुढचे बियाणे धरतात. कपाशीचा शेतकरीही असे बी राखत नाही. बियाण्याच्या बरण्या वेगळ्या फळीवर, शक्य तर वेगळ्या खोलीत ठेवाव्यात, आणि सकाळी आधी त्यांचे काम करावे. विक्रीच्या बरण्या, मग शेवटी जुन्या. जुनीला हात लावून नवीकडे जाऊ नये. बरण्यांचे पाय साबणाच्या पाण्याच्या थाळीत ठेवलेल्या फळीवर असतील तर चालत येणारा कोळी अडतो. नव्या बरणीत घालायच्या माश्या आधी कॅल्शियमच्या भुकटीत हलवून बारीक जाळीने चाळल्या तर अंगावर बसलेले बरेच कोळी झडून पडतात.

बाहेरून आलेले बियाणे, मग ते कितीही भरवशाच्या माणसाकडून असो, सरळ आपल्या फळीवर चढवू नये. वेगळ्या खोलीत एक पिढी निघेपर्यंत बघावे आणि त्या नव्या माश्यांतूनच पुढे चालवावे. रातकिड्यांच्या कारखान्यांत रोग बाहेरूनच आला. तो आल्यावर काही हाती राहत नाही.

स्प्रिंगटेल नावाचा पांढरा, सुईच्या टोकाएवढा किडा लहान पिल्लांसाठी लागतो. ओल्या कोळशावर तो राहतो, शिजवलेल्या भाताचे दोन-चार दाणे किंवा यीस्ट खातो. काढायचा असला की डब्यात पाणी ओतावे, किडे वर तरंगतात. जास्त घातले की बुरशी, एवढीच खबरदारी. रातकिड्याला उलट कोरडेपणा हवा. ओल आणि कोंडलेली हवा यात तो पटापट मरतो, आणि लोक समजतात रोग आला. पाणी वाटीत न ठेवता भिजवलेल्या कापसात द्यावे, पिल्ले बुडत नाहीत.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगणे हा इमानदारीचा भाग आहे. माशीत आणि रातकिड्यात कॅल्शियम फार कमी असते. नुसत्या अशा खुराकावर बेडकाची हाडे वाकतात. अ जीवनसत्त्व कमी पडले तर जीभ काम करीनाशी होते, समोरची माशी दिसते पण पकडता येत नाही. म्हणून माश्या ड जीवनसत्त्व असलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायच्या, आणि अ जीवनसत्त्वाची भुकटी अधूनमधून. किडा तगडा असला तरी हा हिशेब वेगळाच राहतो.

आपल्याकडे बेडूक पाळणारे थोडे, पण पिंजऱ्यातले पक्षी आणि आरोवानासारखे मासे पाळणारे आहेत, आणि ते जिवंत किडे विकत घेतात. कोणाला यात उतरायचे असेल तर कायदा आधी पाहावा. शेतातले बेडूक पकडून विकणे हा धंदा नव्हे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ सालीच बंद केली, कारण बेडूक गेले की पिकावरचे किडे वाढतात. परदेशी डार्ट फ्रॉग सायटिस यादीत आहेत, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. परदेशातून जिवंत किडे मागवायलाही परवाना लागतो. आणि शिल्लक राहिलेले परके किडे कधीही बाहेर सोडू नयेत.

आपल्या हवेत सर्वांत अवघड महिने एप्रिल-मेचे. तापमान तीसच्या आसपास गेले की या चिलटाचे नर वांझ होतात. बरणीत माश्या दिसतात, अंडीही दिसतात, पण अळी निघत नाही, आणि मालक खुराकाला दोष देत बसतो. प्रयोगशाळांत बियाणे अठरा अंशांवर ठेवतात. तेथे पिढी निघायला जवळपास दुप्पट दिवस लागतात, म्हणून देखभालही कमी. ज्याच्याकडे तशी सोय नाही त्याने दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि बियाण्याच्या दोन-तीन बरण्या आत ठेवाव्यात. मालेगावसारख्या कोरड्या हवेत याने बराच फरक पडतो. मुंबई-भिवंडीच्या दमट हवेत पडत नाही, तेथे बियाणे एखाद्या थंड खोलीतच हलवावे लागेल, आणि ते मार्च संपण्यापूर्वी.